विनीचा लूम

विनी हेलिवेलला हरताना मी आयुष्यात एकदाच पाहिलं, आणि त्या दिवशी मला तिचा जेवढा अभिमान वाटला तेवढा ती जिंकताना कधीच वाटला नव्हता. जिंकली की ती असह्य व्हायची. चॅपलच्या जत्रेत तिच्या पार्किनला, म्हणजे आल्याच्या केकला, पहिलं बक्षीस मिळालं की पुढचे चार महिने माझ्या पार्किनमध्ये आलं कमी पडतं, हे मला रोज ऐकावं लागायचं. पण ती हरली त्या दिवसाची गोष्ट वेगळी आहे.

एलनरॉइडच्या खालच्या मिलमध्ये आम्ही दोघी वर्षानुवर्षं शेजारशेजारच्या मागांवर उभ्या होतो. तिच्या मागांवर आधी तिची आई होती. आईच्या बोटांची पेरं सुजायला लागली तेव्हा तिने मुकादमाच्या मागे लागून विनीला आपल्या जागी उभं केलं आणि कमरेचा ओवायचा आकडा सोडून लेकीच्या कमरेला बांधला. तुटलेला धागा पुन्हा फणीतून ओढून घ्यायला हा आकडा लागतो, बोटाएवढा, चपटा, पितळी. माग मालकाचे, सूत मालकाचं, पाण्याचा नळसुद्धा मालकाचा. आकडा तेवढा जिचा तिचा. विनीच्या आकड्याची हाडाची मूठ तिच्या आईच्या अंगठ्याने झिजलेली होती आणि विनी तो कुणाला हात लावू देत नसे. मीही एकदाच लावला.

शेडमध्ये सगळे माग सुरू झाले की कानाशी ओरडलं तरी ऐकू येत नसे, म्हणून आम्ही बाया ओठांनी बोलायचो. आवाज काढायचा नाही, नुसते ओठ मोठमोठे करून शब्द दाखवायचे. मुकादम समोर उभा असायचा आणि आम्ही त्याच्या देखत त्याच्या टकलाची चर्चा करायचो. माझी सून म्हणते, त्या सवयीने मी अजूनही बोलताना तोंड वाकडं करते. करते तर करते.

मग मिल बंद पडली. माग भंगारात गेले, वर्षभराने चिमणी पाडली, आणि आता तिथे मोटारी लावतात. नवरा गेला तेव्हा विनी जेवढी रडली नव्हती तेवढी त्या चिमणीला रडली. अर्थात तिचा नवरा काही फार रडण्यासारखा नव्हता.

गावात पाट्या मात्र भरपूर. मालकाच्या आजोबांनी बांधलेला पूल, मालकाच्या बापाने दिलेली बाग, मालकाने ज्याच्यावर हात ठेवून फोटो काढला तो दिव्याचा खांब. विणलं बायांनी, आणि बाईचं नाव एका दगडावर नाही. विनी मला हे येता-जाता ऐकवायची आणि मी म्हणायची, "बये, मग तू मर, मी लावते तुझी पाटी." ती म्हणायची, "तू लावशील, आणि वाकडी लावशील."

अशात चॅपलच्या मागच्या खोलीत दर मंगळवारी जुनी अक्षरं वाचायचा वर्ग सुरू झाला. यॉर्कहून फ्रान्सिस नावाची पोरगी यायची, अशी बारीक की तिला बघून आधी खायला द्यावंसं वाटे. पाचशे वर्षांपूर्वी आमच्या खोऱ्यात मेलेल्या माणसांची मृत्युपत्रं ती दफ्तरखान्यातून फोटो काढून आणायची आणि आम्ही म्हातारे भिंगं घेऊन ती वाचत बसायचो. मला वाटलं होतं जमीनजुमल्याची भांडणं असतील. पण मरणाऱ्या माणसांचा जीव अडकला होता तो पातेल्यांत. थोरली कढई थोरल्याला, तीन पायांचं पातेलं धाकटीला, बरी चादर बहिणीला, फाटकी मोलकरणीला. शब्द मात्र असे की अर्ध्या वस्तू कळायच्याच नाहीत, आणि मग जी काय मजा यायची ती यायची.

पहिल्याच महिन्यात एका शेतकऱ्याने 'एक लाल बँकर आणि सहा उशा' मुलाच्या नावे करून ठेवलेल्या निघाल्या. चॅपलचा कारभारी हॅरल्ड अकरॉइड आयुष्यभर बँकेत नोकरी करून निवृत्त झालेला, आणि तोंडाने बारमाही लाल. विनी म्हणाली, "हॅरल्ड, बघ रे, तुला उशांसकट देऊन टाकलंय." खोली हसून लोटपोट झाली. फ्रान्सिसने सांगितलं की बँकर म्हणजे बाकावर अंथरायचं कापड. त्यावर विनीने मान हलवली. "तेच ते. बसायला बरं, बाकी उपयोग नाही."

अशी वस्तूंची कोडी सोडवता सोडवता आम्हाला एमोट भेटली. एमोट शॉ, विधवा, राहणार एलनरॉइड. हिच्याकडे फार काही नव्हतं. एक चांगला झगा, दोन पातेली, चुलीवर भांडं टांगायची साखळी. आणि मग एक ओळ होती: 'माझी लेक जोनेट हिला माझा उत्तम लूम, नवा –'. लूम म्हणजे माग, हे आम्हाला कुणी सांगायला नको होतं. पुढचा शब्द तपकिरी डागाखाली बुडाला होता. सुरुवातीचा ह दिसत होता, शेवटचा ड दिसत होता.

विनीने भिंग खाली ठेवलं.

"हेल्ड," ती म्हणाली. "हेल्डिड. नवी वही घातलेला लूम."

ताण्याचा एकेक धागा ज्या दोऱ्यांच्या डोळ्यांतून ओवून घेतात ती मागाची वही. आमच्याकडे तिला हेल्ड म्हणतात. फणी आणि वही यांत जिचा जन्म गेला तिला ह आणि ड दिसले की मधे दुसरं काय दिसणार? मलाही तेच दिसलं. गावातल्या कुणाही बाईला तेच दिसलं असतं.

फ्रान्सिस चाचरत म्हणाली, "मिसेस हेलिवेल, जरा थांबूया का? विणायच्या मागाला इथल्या मृत्युपत्रांत बहुतेक 'लूमची जोडी' म्हणतात. हा एकटाच आहे. आणि त्या काळी लूम म्हणजे कुठलंही अवजार, कुठलंही भांडंसुद्धा असायचं. घरात पिढ्यानपिढ्या आलेल्या वस्तूला आपण एअरलूम म्हणतो ना, त्यातला लूम तोच."

"पोरी," विनी म्हणाली, "भांड्याला वही घालतात का?"

"नाही, पण –"

"मग झालं तर."

फ्रान्सिसने कागद गोळा केले. विनीशी वाद घालणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी, हे तिला तोवर कळलं होतं.

पुढे सगळं गावच पेटलं. पलीकडच्या खोऱ्यातले लोक पिढ्यानपिढ्या आम्हाला हिणवत आलेत की कापड विणायला आम्हीच तुम्हाला शिकवलं. त्यांच्याकडे पाचशे वर्षांपूर्वीची विणकर बाई, नावानिशी, आहे का? नाही. आमच्याकडे आहे. हॅरल्ड तर उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग. त्याने चॅपलच्या दर्शनी भिंतीवर लावायला दगड सांगूनही टाकला. वर मागाचं चित्र, आणि खाली मजकूर: 'एलनरॉइडच्या एमोट शॉने आपला उत्तम लूम आपल्या लेकीला दिला.' मजकूर विनीने सांगितला. त्या दिवसांत ती रस्त्याने अशी चालायची की एमोट जणू तिची सख्खी मावशी.

"बाईचं नाव, डोरीन," ती मला म्हणायची. "दगडात. आणि लेकीला दिला म्हणून लिहिलंय. माझ्या आईने मला माग दिले तसे."

दगड लागायच्या आधीच्या शनिवारी सकाळी विनी माझ्या स्वयंपाकघरात आली आणि अंगातला कोट न काढताच बसली. मी चहा पुढे ठेवला. तिने घेतला नाही. माझ्या घरी विनीने चहा घेतला नाही असं कधी झालं नव्हतं, तेव्हा मला वाटलं कुणीतरी गेलं.

"जोनेट सापडली," ती म्हणाली.

"कोण जोनेट?"

"अगं एमोटची लेक. तिचंही मृत्युपत्र गठ्ठ्यात होतं. मी आपलं बघत होते, आईबद्दल आणखी काही लिहिलंय का." तिने कागद माझ्यापुढे सरकवला. "वाच."

मी वाचलं. मला वेळ लागतो, पण वाचलं. 'माझ्या आईचा लूम, कड्यांचा, ज्यात बिअर आंबते.'

"बिअर?" मी म्हटलं.

"पिंप आहे गं ते. बिअरचं पिंप." तिने दुसरा कागद काढला, एमोटचा. "आता हे बघ. हा डाग. डागाच्या खाली काय लोंबतंय?"

भिंगातून बघितलं तर एका अक्षराचं शेपूट ओळीच्या खाली उतरलेलं होतं. त्या लिपीत 'ल'ला शेपूट नसतं, 'ड'लाही नसतं. 'प'ला असतं.

"हूपिड," विनी म्हणाली. "नवी कडी ठोकलेलं पिंप. शेपूट पहिल्या दिवसापासून तिथेच होतं, डोरीन. मला दिसलं नाही, कारण मला बघायचं नव्हतं. भांड्याला वही घालतात का म्हणे! कडी घालतात की भांड्याला."

विनीने दहाव्या वर्षी चॅपलमध्ये शपथ घेतली होती की दारूच्या थेंबाला शिवणार नाही, आणि शिवली नव्हती. नाताळच्या पुडिंगमध्ये ब्रँडी आहे का हे ती आधी वास घेऊन बघायची. आणि तिने गावाला दिलेली बाई निघाली बिअर गाळणारी. मला हसू फुटायला आलं होतं, पण तिचा चेहरा बघून ते गिळलं. चिमणी पाडली त्या दिवशी तिचा चेहरा असाच झाला होता.

आम्ही दोघी हॅरल्डकडे गेलो. त्याने सगळं ऐकून घेतलं, उठून दार लावलं आणि आवाज खाली आणला.

"विनी, दगडावर काय लिहिलंय? 'उत्तम लूम लेकीला दिला.' दिलाच ना? त्या वेळी पिंपाला लूमच म्हणत होते ना? मग एक अक्षर तरी खोटं आहे का?"

"नाही," विनी म्हणाली.

"मग झाकली मूठ सव्वा लाखाची. उद्या नगराध्यक्ष येताहेत. पलीकडच्या खोऱ्याची माणसं बोलावलीत, मुद्दाम. तुझ्याशिवाय हे कुणाला माहीत आहे?"

"डोरीनला."

"डोरीन कुणाला सांगणार नाही." त्याने माझ्याकडे पाहिलं.

खरं सांगायचं तर मला त्याचं म्हणणं पटलं होतं. एक अक्षर खोटं नाही, बाईचं नाव दगडावर लागतंय, आणि ज्यांनी आयुष्यभर नाक वर केलं त्यांचं नाक खाली होतंय. विनीला जे हवं होतं ते सगळं त्या दगडावर तयार होतं, आणि ते मिळवायला तिला फक्त गप्प बसायचं होतं. मी तसं तिला वाटेत म्हटलंसुद्धा.

ती कोपऱ्यावर आल्यावर म्हणाली, "शब्द खरे आहेत गं. पण वाचणारा खोटं वाचणार. आणि मी तिथून रोज जाणार."

रविवारी प्रार्थना झाल्यावर सगळे हॉलमध्ये जमले. मांसाच्या पेस्ट्री आणि मटार यांचा वास सुटला होता. नगराध्यक्षबाई गळ्यात पदाची साखळी घालून बसल्या होत्या, पलीकडच्या खोऱ्याचे पाहुणे हाताची घडी घालून बसले होते, आणि दगड व्यासपीठावर कापडाखाली झाकलेला होता. मिलमधल्या आमच्या बाया पाठीमागच्या रांगांत होत्या, कारण तिथून दार जवळ आणि चहाही जवळ. विनी व्यासपीठावर, हॅरल्डच्या शेजारी.

हॅरल्ड बोलायला लागला. बोलतच राहिला. विनीने तेवढ्या गर्दीतून मला शोधलं आणि आवाज न करता, ओठ मोठे करून म्हणाली, "सांगते मी."

मी काय तिला आज ओळखत होते? मी पण ओठांनीच म्हटलं, "सांग."

मागच्या रांगेतल्या सगळ्या बायांनी माझ्याकडे वळून बघितलं. त्यांनीही वाचलं होतं.

विनी उठली. हॅरल्डचं वाक्य अर्धंच राहिलं.

"एमोट शॉ विणकर नव्हती," ती म्हणाली. शेडमध्ये कान बधिर झालेल्या बाईचा आवाज, माइकची गरज नव्हती. "मी चुकले. ह आणि डच्या मधे मी मला हवं ते वाचलं. ही फ्रान्सिस मला सांगत होती आणि मी तिला बोलू दिलं नाही. पोरी, माझं चुकलं." फ्रान्सिस लाजेने खुर्चीत आणखी बारीक झाली. "तो लूम म्हणजे पिंप होतं. एमोट बिअर गाळायची."

पाहुण्यांतला एकजण खुदकन हसला, आणि त्यांची अख्खी रांग हसायला लागली. "म्हणजे तुमच्याकडे विणकर नाहीच!" त्यांतला एक लाल नाकाचा मोठ्याने म्हणाला. "एक दारूवाली आहे!"

"आहे," विनी म्हणाली. "नवरा मेल्यावर घर चालवलं तिने. पाण्याने माणसं मरायची तेव्हा गावाला पाजलं. दोन-चार भांडी होती, त्यातलं सगळ्यात चांगलं लेकीला दिलं, नवी कडी ठोकून दिलं. मी शपथ घेतलेली बाई आहे, मी एक थेंब चाखलेला नाही. तरी सांगते, ती आमची आहे. आणि विणकर बाई हवी असेल, तर पाचशे वर्षांपूर्वीच्या कागदात कशाला शोधायची?" ती मागच्या रांगांकडे वळली. "खालच्या मिलमध्ये मागावर उभ्या राहिलेल्यांनी हात वर करा गं."

पहिल्यांदा माझा गेला. मग इसाबेलचा, मग दोघी बहिणींचा, मग ज्या काठीशिवाय उभ्या राहू शकत नाहीत त्यांचाही. सुजलेल्या पेरांचे, वाकड्या बोटांचे हात. मागच्या तीन रांगा हातच हात झाल्या. पुढच्या लोकांनी माना वळवून बघितलं, आणि लाल नाकवाल्याला माझ्या अंदाजाने तेव्हा त्या हातांत आपल्या आईचे हात दिसले असावेत, कारण त्याने नजर खाली वळवली. नगराध्यक्षबाई आधी उठल्या, मग सगळे उठले. मी रडले. रडले तर रडले, त्यात काय लपवायचं?

दगड लागला, ठरल्या भिंतीवरच. विश्वस्तांतले दोघे म्हणाले चॅपलच्या भिंतीवर बिअर नको, तेव्हा हॅरल्डच ताठ उभा राहून म्हणाला की एक अक्षर खोटं नाही आणि आता वाचणाराही खोटं वाचणार नाही. खाली एक ओळ वाढवली, 'लूम म्हणजे बिअरचं पिंप' अशी. चित्राचं मात्र अवघड झालं. मागाचे दोन खांब कोरून झालेले, ते पुसता येईनात, म्हणून पाथरवटाने त्यांनाच कडी ठोकली. माग म्हणावा तर पिंप, पिंप म्हणावं तर माग. परगावची माणसं त्याच्यापुढे उभी राहून डोकं खाजवतात आणि विनी मुद्दाम तिथल्या बाकावर बसून ती मजा बघायची.

दोन हिवाळे गेले आणि विनी गेली. झोपेतच गेली, कुणाला त्रास न देता, जे तिच्या स्वभावाला अगदी सोडून होतं.

महिन्याभराने वकिलाच्या कचेरीतला प्रॉक्टर नावाचा तरुण माझ्या दारात उभा राहिला. बिचारा घामाघूम झाला होता.

"मिसेस हेलिवेलच्या मृत्युपत्रात तुमच्यासाठी एक वस्तू आहे, बाई," तो म्हणाला. "पण ती सापडत नाही. घर बघितलं, माळा बघितला, कोळशाची खोलीसुद्धा उपसली. एवढी मोठी वस्तू जाईल कुठे?"

"काय लिहिलंय?"

त्याने कागद काढून वाचला. "'माझ्या शेजारच्या मागावरच्या डोरीनला माझा उत्तम लूम, नवी दोरी घातलेला.'"

मी शाल घेतली आणि त्याच्याबरोबर विनीच्या घरी गेले. घरात आधीच शिळा वास येत होता. स्वयंपाकघराच्या दारामागे तिचा झगा लटकत होता, कामाचा, निळा. मी खिशात हात घातला. आकडा तिथेच होता, हाडाची मूठ, एका बाजूने तिच्या आईच्या अंगठ्याने झिजलेली, दुसऱ्या बाजूने तिच्या. दोरी कोरी करकरीत, लाल.

"हा तर साधा आकडा आहे," प्रॉक्टर म्हणाला. "लूम कुठे आहे?"

"हाच," मी म्हटलं. "जुना शब्द आहे, कुठल्याही अवजाराचा. सही कुठे करू ते सांग."

त्याला काही कळलं नाही, पण सही घ्यायला तो खुश होता. तो कागद पसरेपर्यंत मी आकडा कमरेला बांधला. गाठ मारता मारता चुलीजवळच्या तिच्या रिकाम्या खुर्चीकडे बघितलं आणि आवाज न करता, ओठ चांगले मोठे करून म्हटलं, "मिळाला गं."

"काही म्हणालात का?" प्रॉक्टरने विचारलं.

"तुला नाही," मी म्हटलं.